आपाचे दोन आणे

बारामतीहून काटेवाडीमार्गे इंदापूरकडे जाणारा रस्ता रुंद होणार, ही बातमी कन्हेरीत पसरली तेव्हा आम्हा तिघा भावांना आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं? हा तुकोबांच्या पालखीचा मार्ग. आषाढी वारी याच रस्त्यानं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. लहानपणी अब्बा आम्हाला खांद्यावर बसवून ते दाखवायला न्यायचे. आता हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग होणार होता. आमच्या पाच एकर रानाचं एक टोक रस्त्याला लागून. त्यातले चौदा गुंठे जाणार आणि त्याचा मोबदला मिळणार होता.

मोजणी झाली, नोटीस आली. नोटिशीवर पाच नावं होती. तीन आमची, चौथं अम्मीचं आणि पाचवं आपाचं.

आपा आमची सगळ्यांत थोरली बहीण. इंदापूरला दिलेली. 2007 साली अब्बांचा इंतकाल झाला, तेव्हा तलाठ्यानं वारस नोंद घातली आणि फेरफार होऊन पाचही नावं सातबाऱ्यावर चढली. त्याच वर्षी, अब्बांचा चाळिसावा झाल्यावर, आम्ही आपाकडून शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून घेतलं होतं की तिला जमिनीत काही नको, तिचा हिस्सा तिनं राजीखुशीनं भावांना सोडला. खाली तिची सही, दोन साक्षीदार. तो कागद आम्ही अब्बांच्या लोखंडी पेटीत ठेवला आणि विषय संपला असं समजलो.

नोटीस घेऊन आणि तो कागद घेऊन आम्ही बारामतीला एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, उलटून पाठीमागची बाजू पाहिली आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, "याची नोंदणी केलेली नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीतला हक्क असा साध्या कागदानं सुटत नाही. तुमच्या बहिणीचं नाव आजही सातबाऱ्यावर आहे. बहिणीला घेऊन या. एकतर हक्कसोडपत्र रजिस्टर करा, नाहीतर तिच्या हिश्श्याचा पैसा तिच्या खात्यात जाऊ द्या."

बहिणीला घेऊन या. वकिलांच्या दृष्टीनं सोपं काम. पण घरी परतताना आम्ही गाडीत बसून आठवायला लागलो की आपा कन्हेरीला शेवटची कधी आली होती. थोरला म्हणाला, मधल्याच्या मुलाच्या अकिक्याला. तो मुलगा तेव्हा चौथीत शिकत होता.

भांडण झालं असतं तर निदान सांगायला काही कारण असतं. भांडण झालंच नाही. आम्ही कामात होतो.

आमच्यातला थोरला शेती बघतो. हा पट्टा पाण्याचा. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरकडची कोरडवाहू रानं हळूहळू बागायती झाली. उसाला पैसा, आणि उसाचा पैसा म्हणजे नेहमी पुढचा पैसा. आडसाली लागण केली की सोळा-अठरा महिने ऊस रानात. मग तोडणीची टोळी कधी येते ते पाहायचं, मग भवानीनगरच्या कारखान्याला ऊस गेल्यावर बिल कधी पडतं ते पाहायचं, आणि बिल पडलं की सोसायटीचं कर्ज. थोरला दर वर्षी म्हणायचा, "हे गळीत होऊ दे, मग आपाकडे चार दिवस जाऊ." गळितं होत राहिली.

मधला चौदा वर्षं सौदीत, दम्मामला इलेक्ट्रिशियन होता. सहा जणांची खोली. त्यात दोघं नेपाळचे. त्यातला एक डोंगरातल्या गावचा होता. त्यानं पैसा पाठवून गावाकडे सिमेंटचं घर बांधलं. घराचे फोटो मोबाईलवर यायचे, तो सगळ्यांना दाखवायचा. भाऊ मलेशियात, हा सौदीत. घरात म्हातारे आईबाप दोघंच, आणि रान पडीक, कारण नांगर धरायला कोणी उरलेलं नव्हतं. नेपाळच्या एकूण उत्पन्नाचा जवळजवळ पाव हिस्सा अशा बाहेरून येणाऱ्या पैशाचा आहे. आपला देशही परदेशातून येणाऱ्या पैशात जगात पहिला आहे. मधला तेव्हा त्या नेपाळ्याची कीव करायचा. आपलं तसं नाही, असं त्याला वाटायचं. आपल्या घरी दोन भाऊ आहेत, अम्मीजवळ माणसं आहेत.

धाकटा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. पाळीची ड्यूटी, वर ओव्हरटाईम, आणि सुटीच्या दिवशी प्लॉटचे व्यवहार. कुठं गुंठे विकायला आहेत, कुठं रस्ता येणार आहे, हे त्याला तोंडपाठ.

अल्हमदुलिल्लाह, तिघांचंही चांगलं चाललं होतं. मधल्याच्या पैशातून अब्बांच्या पत्र्याच्या घराजागी दुमजली घर उभं राहिलं. तीन भाऊ म्हणून तीन दरवाजे, तीन स्वयंपाकघरं, तीन गॅस, तीन फ्रीज. खाली गुळगुळीत फरशी, जिच्यावर अम्मी दोनदा घसरून पडली. अम्मीची जेवणाची व्यवस्था आम्ही महिन्यानं लावली होती. एक महिना थोरल्याकडे, एक मधल्याकडे, एक धाकट्याकडे. कालव्याच्या पाण्याची पाळी असते तशी अम्मीची पाळी. आम्हाला ही व्यवस्था न्यायाची वाटत होती.

आपाची पाळी मात्र आम्ही कधी लावलीच नाही. अब्बा होते तोवर आपा अब्बांच्या घरी यायची. नव्या घरात आल्यावर तिनं कोणाच्या दारातून आत जायचं? एका ईदीला ती दोन दिवस राहायला आली होती. रात्री थोरलीला वाटलं आपा मधलीकडे जेवली, मधलीला वाटलं धाकटीकडे, धाकटीला वाटलं थोरलीकडे. आपानं अम्मीच्या खोलीत अम्मीच्या ताटातली अर्धी भाकरी खाल्ली आणि झोपली. सकाळची एसटी पकडून गेली. हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी अम्मीकडून कळलं. यात आमच्या बायकांना दोष देणं सोपं आहे. पण बहीण आमची होती. "आपा, जेवलीस का?" एवढं विचारायला आम्ही तिघेही अंगणात होतो. आम्ही त्या रात्री एका प्लॉटच्या व्यवहाराबद्दल बोलत बसलो होतो.

पुढं आपा कमी येऊ लागली, मग यायची थांबली. आम्ही ईदी पाठवत राहिलो. आधी कोणाच्या हाती, मग फोनवरून. फोनवरून पैसे जातात तेव्हा एक आवाज येतो, पैसे पोचले म्हणून. तो आवाज आला की आम्हाला वाटायचं, आपलं कर्तव्य झालं. दुल्हाभाईंना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाही आम्ही वीस हजार पाठवले. थोरल्याची तोड चालू होती, मधला दम्मामला, धाकट्याला सुटी नव्हती. कन्हेरी ते इंदापूर अंतर किती? मोटारसायकलवर तासा-सव्वा तासाचं. दुल्हाभाई अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले, बरे झाले. त्या अकरा दिवसांत आमच्यातला एकही गेला नाही.

आणि आता तिच्या सहीसाठी आम्ही तिघे एका गाडीतून निघालो. मधला कायमचा परत आलेला होता. धाकट्यानं रजा टाकली. दुल्हाभाईंच्या आजारपणात न मिळालेली रजा सहीसाठी मिळाली. वाटेत मिठाई घेतली, एक भारी साडी घेतली. मधला म्हणाला, एखादा तोळा सोनंही देऊ, म्हणजे रजिस्टर हक्कसोड करायला ती नाही म्हणणार नाही.

आपानं आम्हाला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अम्मी बरी आहे ना?" तिघे भाऊ एकदम दारात म्हणजे वाईट बातमीच असणार, असं तिला वाटलं. आम्ही बरी आहे म्हटल्यावर ती आत गेली आणि स्वयंपाकाला लागली. जेवण होईपर्यंत तिनं का आलात म्हणून विचारलं नाही. धाकट्याला लहानपणी आवडायची तशी चण्याच्या डाळीची आमटी केली होती. अम्मी आजारी असायची तेव्हा धाकट्याला कडेवर घेऊन आपानंच वाढवलेलं.

जेवणानंतर थोरल्यानं नोटीस पुढं केली आणि विषय काढला. आपानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आणा, कुठं सही करायची? एकदा केलीच आहे, परत करते."

आम्ही गप्प. मग तीच बोलली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. "पण एक सांगते. तेव्हा सही केली ती जमीन नको म्हणून नाही केली. अब्बा गेले होते. शेजारची बाई म्हणाली, हिस्सा घेशील तर माहेर जाईल. मी विचार केला, जमीन भावांना राहू दे, मला माहेर राहू दे. मी माझ्याकडून सौदा पाळला. जमीन तुमच्याकडे राहिली. माझं माहेर कुठं आहे ते तुम्ही सांगा."

साडीची पिशवी आमच्या पायाशी होती. ती बाहेर काढायची हिंमत कोणालाच झाली नाही. सही न घेता आम्ही परतलो.

रात्री अम्मीच्या खोलीत बसलो. अम्मी शाळेत गेलेली नाही, पण आण्याचा हिशोब तिला येतो. ती म्हणाली, "तुमच्या अब्बांनी मला एकदा सांगितलं होतं, मी गेलो तर रुपयाची वाटणी कशी होईल ते. दोन आणे माझे, दोन आणे तिचे, चार-चार आणे तुमचे." धाकट्यानं कागदावर मांडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मौलानांनाही विचारलं. शरियतप्रमाणे मुलंबाळं असताना बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. तीन भाऊ आणि एक बहीण म्हणजे सात वाटे, त्यातला एक बहिणीचा. सात अष्टमांशाचा सातवा भाग म्हणजे पुन्हा एक अष्टमांश. रुपयाला दोन आणे. अम्मीचा हिशोब तंतोतंत बरोबर होता. आम्ही चार-चार आणे घेऊन वर तिचे दोन आणेही वाटून घेतले होते.

तरीही लगेच मन तयार झालं असं नाही. दोन-तीन दिवस आम्ही एकमेकांना कारणं सांगत होतो. ही कारणं तुमच्याही घरात ऐकू येत असतील, म्हणून लिहितो.

पहिलं कारण, आपाच्या लग्नात अब्बांनी खर्च केला होता, जहेज दिलं होतं. अम्मीनं विचारलं, "आणि तुमच्या तिघांच्या लग्नाचे पैसे कोणी दिले?" आम्ही तिच्या लग्नाचा खर्च मोजला होता, आमच्या लग्नांचा मोजलाच नव्हता. शिवाय लग्नात दिलं ते दिलं. वारसा हा वेगळा हक्क आहे, तो त्यात वळता होत नाही.

दुसरं कारण, जमिनीचे तुकडे होतील. पण आम्ही तिघांनी मधे बांध घालून तुकडे केलेच होते. तेव्हा कोणाला तुकड्यांची काळजी वाटली नव्हती.

तिसरं कारण मधल्यानं कुठूनतरी ऐकून आणलं. 1937 च्या शरियत कायद्यात वारसा, निकाह, तलाक, मेहेर या गोष्टी शरियतप्रमाणे होतील असं म्हटलं आहे, पण त्यातून शेतजमीन वगळली आहे. हे खरं आहे, कायद्यात तसे शब्द आहेत. आपल्यातले पुष्कळ लोक याचा आडोसा घेतात. पण सूरह निसामध्ये वाटे सांगितले आहेत, तिथं रान वेगळं आणि घर वेगळं असं कुठं आहे? नमाज, रोजा, निकाह, जनाजा सगळं शरियतप्रमाणे आणि सातबारा आला की सरकारी कायद्यातली पळवाट, हे आमचं आम्हालाच बोलताना लाजिरवाणं वाटलं.

चौथं कारण सगळ्यांत खरं होतं, म्हणून ते कोणी मोठ्यानं बोललं नाही. मोबदल्याचे पैसे कुठं लावायचे ते आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. मधल्याला दुकान टाकायचं होतं, धाकट्यानं एका प्लॉटला इसार दिला होता. हातात न आलेला पैसा आम्ही मनात खर्च करून बसलो होतो, आणि त्यातले दोन आणे कमी होणं म्हणजे आमच्या खिशातून गेल्यासारखं वाटत होतं. जास्त, आणखी जास्त, या शर्यतीत माणूस कबरीपर्यंत जातो, हे सूरह तकासुरमध्ये आहे. ती सूरह आम्हा तिघांना लहानपणापासून पाठ आहे.

शेवटी थोरल्यानं पेटीतून तो स्टँप पेपर काढला आणि अम्मीसमोर फाडला. हक्कसोडपत्र झालं नाही. आपाचं बँकेचं पासबुक, आधार घेऊन कागद दिले. तिच्या हिश्श्याचा मोबदला तिच्या खात्यात गेला, अम्मीचा अम्मीच्या. उरलेल्या रानाच्या सातबाऱ्यावर आपाचं नाव आहे तसं ठेवलं. दर गळिताचं बिल पडलं की खर्च वजा करून रुपयाला दोन आणे तिला जातात. धाकट्याला प्लॉट सोडावा लागला, इसार बुडाला. मधल्याचं दुकान ठरवलं होतं त्याच्या निम्मं झालं. घरात थोडी कुरबूर झाली, नाही असं नाही.

राहिला मागच्या वर्षांचा उसाचा हिशोब. थोरल्यानं कारखान्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या लावून बसलो तेव्हा आकडा मोठा निघाला. आपा म्हणते, जाऊ दे, मी माफ केलं. पण एकदा तिच्या "जाऊ दे"वर विसंबून आम्ही काय केलं ते आम्हाला माहीत आहे. म्हणून दर वर्षी थोडी थोडी रक्कम फेडतो. अजून फिटलेली नाही.

8 नोव्हेंबर 2021 ला पंढरपुरात या पालखी मार्गाचं भूमिपूजन झालं. आता आमच्या रानाच्या टोकाला चार पदरी रस्ता आहे. इंदापूर जवळ आलं आहे. पण आपा लगेच आली नाही. पैसे खात्यात गेल्यावर पहिल्या बकरी ईदेला आम्ही घ्यायला गेलो, ती आली आणि संध्याकाळी परत गेली. दुसऱ्या वर्षीही तसंच. आम्हाला वाटलं होतं, हक्क दिला की सगळं पूर्वीसारखं होईल. तसं होत नाही. पैशाचं देणं पैशानं फिटतं. अकरा दिवसांचं देणं कशानं फेडायचं, ते आम्हाला अजून समजलेलं नाही. आता आमच्यातला कोणीतरी महिन्यातून एकदा इंदापूरला जातो. काम नसताना जातो. सुरुवातीला आपा विचारायची, "काही काम होतं का?" आता विचारत नाही.

गेल्या रमजान ईदेला ती मुक्कामाला आली. येताना बाजारातून भाजी, मटण, मसाला सगळं घेऊन आली. आम्ही म्हटलं, आपा, हे कशाला? ती अम्मीच्या खोलीत शेगडी मांडत म्हणाली, "मी कोणाची पाहुणी नाही. माझ्या दोन आण्यांत आले आहे." सगळे हसले. आम्हीही हसलो, पण ते लागलं. त्या रात्री तिन्ही घरांतली माणसं अम्मीच्या खोलीत जेवली. जागा पुरेना, मुलं दारात बसली.

जुम्म्याच्या नमाजनंतर एक जण आम्हाला म्हणाला, "तुम्ही आमची पंचाईत केलीत. आता आमच्या बहिणीही विचारतील." आम्ही म्हटलं, विचारतील तर बरंच आहे, पण बहुतेक विचारणार नाहीत. आपाही विचारायला आली नव्हती. रस्ता झाला नसता तर आम्हीही गेलो नसतो, आणि तो कागद पेटीतच राहिला असता.

वाचक बंधूंनो, तुमच्या घरात अशी पेटी असेल तर उघडून पाहा. तुमच्या बहिणीनं राजीखुशीनं लिहून दिलं आहे असं तुम्ही म्हणत असाल, तर एकदा तिच्या घरी जा, जेवा, आणि विचारा की त्या सहीच्या बदल्यात तिनं काय मागितलं होतं. वाचक भगिनींनो, माहेर तुटेल या भीतीनं सही करू नका. ज्या माहेराची किंमत दोन आणे आहे ते सही केल्यावरही टिकत नाही. आमच्या घरी टिकलं नव्हतं.

अल्लाह अब्बांची मगफिरत करो, आणि आमचं राहिलेलं देणं आमच्या हातून, आपाच्या हयातीत फिटो. आमीन.